मगर ‘मुद्दू’ का नाही?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब हैदराबादला गेलो होतो. नेहरू प्राणिसंग्रहालयात वाघ, हत्ती, मगर सारे पाहून झाले. पण आमची धाकटी चितळाच्या पाडसापाशी जी थांबली ती हलेचना. शेजारची एक तेलुगू आजी हसून म्हणाली, “एंत मुद्दुगा उंदी!” मुद्दू म्हणजे गोंडस आणि मुद्दू म्हणजे पापाही. दोन्हींना शब्द एकच!

मग मगर कुणालाच मुद्दू का वाटत नाही? ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली याचे उत्तर मांडले. मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, टपोरे डोळे, गुबरे गाल, आखूड हातपाय ही तान्ह्या बाळाची ठेवण दिसली, की मोठ्यांमध्ये जपण्याची ओढ जागी होते. माणसाचे मूल फार काळ परावलंबी. ही ओढ नसती तर ते जगलेच नसते. पण एकदा जागी झालेली ओढ बाळ कोणते नि पाडस कोणते, हे पाहत बसत नाही. खेळण्यांवरही जडते. गेल्या शतकाच्या प्रारंभीच्या टेडी अस्वलांचे तोंड चांगले लांब होते. पुढे ते आखूड झाले, कपाळ वाढले. गिऱ्हाइकाने उचलले तेच टिकले. परतताना निर्मलला घेतलेले पोनिकीच्या हलक्या लाकडाचे देखणे हरीण मात्र धाकटीने कपाटावर ठेवले, उशाशी घेतले नाही.

याच संग्रहालयात २०१० पासून ‘सीसीएमबी’च्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने पिसोरी या जेमतेम तीन किलोच्या, बिनशिंगी हरणाची पैदास केली गेली, पुढे त्यातली काही अमराबादच्या जंगलात सोडली. गिधाडांच्या पैदाशीचेही काम येथे चालते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधाने देशातली बहुतेक गिधाडे संपली. पण त्यांच्या टकल्या मानेकडे पाहून कोणती आजी ‘मुद्दू’ म्हणणार?

अर्थात, गोंडस असणे नेहमीच लाभाचे नसते. आमच्या आठवडी बाजारात कोंबडीची रंगवलेली पिल्ले मिळतात. दोन वर्षांपूर्वी हट्टापायी मीच दोन आणून दिली, एक गुलाबी, एक हिरवे. पोरीने त्यांना दिवसभर हातातून सोडले नाही. थंडीचे दिवस, ऊब कशी द्यायची, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या सकाळी दोन्ही गेली होती.

परवाच्या बाजारात ती पुन्हा त्या पाटीपाशी थांबली. हात पाठीमागे धरून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “चला बाबा.”