शेळी न विकण्याचे पैसे

धानाच्या गावात पैसा वर्षातून एकदाच येतो. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी करायची, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग चुरणे, मग आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लावणे, आणि त्यानंतर कधीतरी खात्यावर रक्कम. खर्च मात्र बारा महिने चालू असतो. जूनमध्ये शाळेच्या वह्या आणि गणवेश, जुलैत युरियाची गोणी, श्रावण-भाद्रपदात घरातल्या कुणाला तरी ताप, त्यातच पाहुण्यांकडचे एखादे कार्य. गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरपासून पूर्वेच्या सालेकसा-देवरीच्या जंगलापर्यंत हे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. रोवणी आटोपली की मजुरी थांबते आणि धान हाती यायला अजून अडीच-तीन महिने असतात. या मधल्या काळात अल्पभूधारकाच्या किंवा भूमिहीनाच्या घरात चटकन पैसे करता येतील अशी एकच चीज असते, ती म्हणजे दारात बांधलेली शेळी.

सरकारकडून नियमित मिळणाऱ्या रोख रकमेबद्दल आपल्याकडे दोनच बाजूंनी बोलले जाते. एक बाजू म्हणते, एवढ्याशा पैशात काय होते? दुसरी म्हणते, फुकटच्या पैशाने माणसे बिघडतात. या गडबडीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. महिन्याच्या छोट्या रकमेचा पहिला उपयोग शेळी घेण्यासाठी होत नाही, घरातली शेळी अवेळी विकावी न लागण्यासाठी होतो. पशुपालनातून संसार उभा राहतो तो जनावर विकत घेतल्या दिवशी नव्हे. हातात पैसा नसतानाही ते जनावर दावणीला राहिले, तर राहतो.

हिशेब मांडून पाहू. समजा चैत्रात शेळी व्याली आणि तिला एक बोकड झाला. आषाढात तो तीन महिन्यांचा होतो, वजन आठ किलोच्या आसपास. घरात नड आहे हे व्यापाऱ्याला कळते; तो मोटरसायकलवर दारी येतो, करडू दोन हातांनी उचलून अंदाज घेतो आणि आकडा सांगतो. काटा नसतो आणि घासाघीस करायला वेळही नसतो, कारण दवाखान्यात आजच जायचे असते. जिवंत वजनाला किलोमागे 400 रुपये धरले तरी हातात येतात 3,200, आणि नडलेल्याला तेवढेही मिळत नाहीत. हाच बोकड माघापर्यंत थांबला तर वीस किलोपर्यंत भरतो, म्हणजे त्याच भावाने 8,000 रुपये. मधल्या काळात त्याला लागते बोरी-बाभळीचा पाला, लाखोळीचे कुटार आणि राइस मिलमधून निघालेली मूठभर कनकी. चाऱ्याचा आणि मरतुकीचा खर्च वजा केला तरी सात महिने थांबण्याचे मोल मोठे आहे. त्या आषाढात घरात 1,500 रुपये असले, तर त्यांची किंमत 1,500 राहत नाही. तेवढ्या रकमेने काही हजारांचे नुकसान अडवलेले असते. बोकडाऐवजी गाभण शेळी विकावी लागली तर तोटा आणखी खोल जातो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट सांभाळली तर ती दोन वर्षांत तीनदा विते, आणि बरेचदा जुळी देते. एक शेळी गेली की पुढच्या दोन वर्षांतली चार-पाच पिले तिच्याबरोबर गेली.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत 2011 पासून सुमारे दीड वर्ष सेवा या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक प्रौढाला आधी महिन्याला 200 आणि मुलाला 100 रुपये, वर्षभरानंतर 300 आणि 150. अट कोणतीही नव्हती. एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला. पैसे न मिळालेल्या तशाच गावांशी तुलना करून निष्कर्ष काढले गेले, आणि 2015 मध्ये सरथ दवला, रेनाना झाबवाला, सौम्या मेहता आणि गाय स्टँडिंग यांनी ते पुस्तकरूपाने मांडले. पैसे मिळालेल्या गावांत जनावरे वाढली होती, विशेषतः आदिवासी गावात. कर्जाचा फास सैल झाला होता आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या कामाकडे वळणारे लोक वाढले होते. दूरच्या झांबियात पाच वर्षांखालचे मूल असलेल्या गरीब कुटुंबांना 2010 पासून दरमहा ठराविक रक्कम मिळू लागली. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दर शंभर कुटुंबांमागे आणखी 21 कुटुंबांच्या दारात जनावर आलेले होते. मेक्सिकोत 1997 मध्ये सुरू झालेल्या अशाच एका योजनेचा अभ्यास सांगतो की मिळालेल्या दर 100 पेसोंतले 74 संसारात खर्च झाले आणि 26 गुंतवले गेले. त्या 26 मध्ये जनावरेही होती. कुणी ‘शेळ्या घ्या’ म्हणून सांगितलेले नव्हते. पोटाची चिंता थोडी हलकी झाल्यावर खेड्यातले माणूस जिथे पैसा सुरक्षित वाटतो तिथे ठेवते, आणि त्याच्या दृष्टीने ती जागा दावणीची असते.

यावर शहाणी वाटणारी एक सूचना नेहमी येते: पैसे कशाला, सरळ जनावरेच द्या. हा रस्ता आपण चालून पाहिला आहे. 1980 मध्ये देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्ज आणि अनुदान देऊन गरिबांच्या दारात म्हशी, गायी, शेळ्या बांधल्या गेल्या. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ नीळकंठ रथ यांनी 1985 मध्ये त्याची झाडाझडती घेतली तेव्हा दिसले की या वाटेने फारच थोडी कुटुंबे दारिद्र्यातून वर येत होती. नुसत्या मालमत्तेवर एवढी भिस्त ठेवू नका, रोजगाराला मोठे स्थान द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 2006 मध्ये पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले. त्यात अर्ध्या अनुदानावर संकरित गायी होत्या. जिथे माणसाला पाणी नाही तिथे अशा गायीला वैरण-पाणी कुठून आणायचे? गाय पोसवत नाही ही तक्रार गावोगाव झाली आणि गायी हातोहात गेल्या. दोन्ही वेळी जनावर आले, पण त्याला सांभाळायला लागणारा रोजचा पैसा आला नाही.

उलट, जिथे जनावराबरोबर रोजखर्चाची सोय झाली तिथे चित्र पालटले. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेच्या धर्तीवर भारतासह सहा देशांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक अतिगरीब कुटुंबांचा माग काढला होता. भारतातला प्रयोग पश्चिम बंगालमधला. कुटुंबाला एक मालमत्ता मिळे, बहुतेकांनी जनावरे निवडली. सोबत काही महिने घरखर्चासाठी ठराविक रक्कम, प्रशिक्षण आणि घरी येऊन विचारपूस करणारा माणूस. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही त्यांची परिस्थिती सुधारलेली होती. या यशाचे श्रेय एकट्या रोख रकमेला देता येणार नाही, हे मान्य. पण पहिल्या महिन्यांत घरात चूल पेटती राहिल्यामुळे शेळी विकावी लागली नाही, ही त्यातली कळीची गोष्ट आहे, आणि 1980 च्या आपल्या कार्यक्रमात नेमकी तीच नव्हती.

महाराष्ट्रात आज अशी दरमहाची रक्कम पोहोचते आहे. जून 2024 च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या 21 ते 65 वयाच्या महिलेला महिन्याला 1,500 रुपये. त्याआधीपासून केंद्राची पीएम किसान योजना वर्षाला 6,000 देते आणि राज्याची ‘नमो शेतकरी’ आणखी 6,000, पण ते जमीन नावावर असलेल्याला, म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाला. हा फरक महत्त्वाचा आहे. शेळी, कोंबडी ही बहुतेक घरांत बाईची जबाबदारी असते. पाला तोडून आणणारी ती, व्यायला झालेल्या शेळीपाशी रात्री बसणारी ती. जनावर तिने सांभाळायचे आणि विकायचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, ही रीत तिच्या नावाच्या खात्यात पैसे आल्यावर लगेच मोडत नाही, पण तिला ‘आता नको, माघात विकू’ असे म्हणायला आधार मिळतो.

महिन्याच्या 1,500 मध्ये शेळी येत नाही, हा आक्षेप खरा आहे. केनियात एका संस्थेने काही कुटुंबांना एकरकमी आणि काहींना दरमहा पैसे दिले, तेव्हा एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला आणि दरमहा मिळालेल्यांच्या घरात खाण्याची शाश्वती अधिक दिसली. म्हणजे दोन्हींची कामे वेगळी आहेत. मात्र आपल्या बायांनी या अडचणीवर उपाय फार पूर्वी शोधला आहे, त्याचे नाव भिशी. दहा जणींनी महिन्याला 500 टाकले की दर महिन्याला एकीच्या हातात 5,000 पडतात, आणि तेवढ्यात एक चांगली पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, येऊ शकते. दहा महिन्यांत दहा जणींच्या दारात दहा पाठी. भिशीत नाव घालायला एकच गोष्ट लागते, दर महिन्याला 500 भरता येतील याची खात्री. योजनेचा हप्ता नियमित असेल तर ती खात्री मिळते. महिलांचे बचत गट बांधणाऱ्या राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या सुरुवातीच्या सघन जिल्ह्यांत गोंदिया होता आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचेही (माविम) काम इथे आहे, त्यामुळे बचत गटांचे जाळे नव्याने विणावे लागणार नाही.

दारूत पैसे जातात, असे म्हणणाऱ्यांची काळजी खोटी नसते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे सर्वांनी पाहिली आहेत. पण जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी जगभरातले 19 अभ्यास तपासले तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. माणसे आळशी होतात या समजालाही सहा देशांतल्या सात योजनांच्या तपासणीत आधार सापडला नाही. धानपट्ट्यातली तक्रार थोडी निराळी आहे: रोवणीला बाया मिळत नाहीत. ती काही अंशी खरी असेल. इंदूरच्या गावांतही मजुरी थोडी घटली आणि स्वतःचे काम वाढले होते. चिखलात दिवसभर कमरेत वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला, पडेल त्या मजुरीला ‘नाही’ म्हणता येऊ लागले असेल, तर मी त्याला आळस म्हणणार नाही. मजुरीचा दर वाढणे छोट्या शेतकऱ्याला जड जाते, आणि त्याची अडचण धानाच्या भावाने सोडवायची आहे, मजूर बाईच्या गरजेने नाही.

जो आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो तो वेगळाच आहे. पैसा दिला म्हणून शेळी जगत नाही. गोंदियाचा पाऊस मोठा; ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या शेळीला खूरकूज होते, न्यूमोनिया होतो, जंत वाढतात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस, पावसाच्या आधी आणि नंतर जंताचे औषध, पाय कोरडे राहतील असे उंच मचाण, एवढे झाले तर मरतूक आवाक्यात राहते. यातल्या सगळ्याच गोष्टी एकटे कुटुंब बाजारातून विकत आणू शकत नाही. पीपीआर गावात शिरला की एकीची शेळी टोचून भागत नाही, सगळ्यांची टोचावी लागते. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाख शेळ्या होत्या आणि आधीच्या गणनेपेक्षा त्या जवळपास चौथाईने वाढल्या होत्या. लाडक्या बहिणीसाठी वर्षाला 46 हजार कोटी लागतील असे योजना जाहीर होताना सांगितले गेले होते. हा पैसा उभा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यातली पदे रिकामी राहिली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. गावातल्याच बाईला शिकवून ‘पशुसखी’ करण्याची उमेदची पद्धत म्हणूनच मोलाची आहे; ती शेजारीण असते, बोलावली की येते.

फुलचूरसारख्या गावाची अडचण आणखी एक आहे. शहर वाढत वाढत दाराशी आले, प्लॉट पडले, चराऊ जागा आक्रसली. देवरीकडच्या बाईला शेळी चारायला जंगलाची कड आहे, इथे ती नाही. इथे बांधून खाऊ घालावे लागते, म्हणजे चाऱ्याचा पैसा रोज लागतो. दुसरीकडे शहर जवळ असल्याने दूध, अंडी, बोकड सगळ्याला गिऱ्हाईक पायाशी आहे, आणि राइस मिलांचा कोंडा-कनकी हाताशी. अशा गावात फार शेळ्या नकोत, दोन-तीन शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या पुरेत. रोजगार हमीतून शेळ्यांचा गोठा बांधून मिळतो. त्याचा पाठपुरावा ग्रामपंचायतीने करायला हवा.

मात्र हे सगळे हप्ता कोणत्या तारखेला येतो यावर उभे आहे. आज तो कधी महिनाअखेर येतो, कधी दोन महिन्यांचा एकत्र. भिशीची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही आणि तापही थांबत नाही. पैसे येणार हे माहीत आहे पण कधी ते माहीत नाही, अशा घरात व्यापाऱ्याची मोटरसायकल आधी पोहोचते. सरकारने रक्कम वाढवण्याच्या घोषणा करण्याआधी तारीख पक्की करावी. आणि पावसाळ्यापूर्वीची लस मे महिन्यातच गावात पोहोचवावी; मृग लागल्यावर आलेल्या लसीचा फुलचूरच्या शेळीला फारसा उपयोग नाही.