बिनलेबलाचा कॅन

यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, किडीचा जोर होता आणि बाजारात आलेले नवे पंप अगदी बारीक तुषार उडवत होते. चौकश्या झाल्या, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली आणि ठपक्याचा मोठा वाटा फवारणाऱ्याच्याच पदरात पडला. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, डब्यावरच्या सूचना वाचल्या नाहीत.

पण वाचायला डबा त्याच्या हातात होता का? फवारणी बरेचदा रोजाने होते. मालक कृषी सेवा केंद्रातून औषध आणतो, दुकानदाराने सांगितली तेवढी झाकणं पंपाला टाकतो, एकात दोन औषधं मिसळतो. मजुराच्या पाठीवर चढतो तो भरलेला पंप. डबा बांधावर नाहीतर मालकाच्या घरी, आणि सोबतची घडीपत्रिका, मुंगीएवढ्या अक्षरांतली, दुकानाच्या पायरीवरच गळालेली. संध्याकाळी मजुराला मळमळायला लागलं, दवाखान्यात नेलं, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय फवारलं? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर ॲट्रोपिन देता येतं. काही औषधांवर उताराच नाही, तिथे लक्षणं बघत उपचार करावे लागतात. त्यामुळे त्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे उत्तर फार महागात पडतं.

बरं, डबा हातात असता तरी काय समजलं असतं? डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ही वर्गवारी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिलेल्या एका मात्रेवरून ठरते. लाल म्हणजे शरीराच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत निम्मे प्राणी मरतात, हिरवा म्हणजे त्यासाठी ५,००० मिलिग्रॅमच्या वर लागतं. सलग आठवडाभर, उघड्या अंगावर, दोन औषधं एकत्र करून फवारलं तर काय होईल, याबद्दल तो त्रिकोण काही बोलत नाही. हिरवा दिसला की निर्धास्त, असा समज मात्र गावोगाव आहे.

कामाने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकाला फार पूर्वीच उमगलं होतं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं वैद्यांना बजावलं. कामगारालाच त्याच्या धंद्यातला धोका सांगायचा, तोही कायद्याने, ही गोष्ट मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीची. आपल्याकडे तर तिच्यासाठी भोपाळ घडावं लागलं.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेलं. कारखान्यातले लोक वाऱ्याची दिशा बघून पळाले. भोवतालच्या वस्त्यांना ना वायूचं नाव माहीत होतं, ना पळायचं कुठे ते. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढं जरी लोकांना आधी सांगितलेलं असतं तरी काही जीव वाचले असते. डॉक्टरांनाही आपण कशावर उपचार करतोय ते कळत नव्हतं. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून धोक्याचा इशारा दिला होता. त्याला जे दिसलं, ते बघायची ज्यांची नोकरी होती त्यांना दिसलं नाही.

त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त झाला. धोकादायक कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांना माहिती द्यायची, कामगाराला ती मागण्याचा हक्क, समोर संकट दिसलं तर इशारा देण्याचाही हक्क. तो कायदा पुढे २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण गाभा तोच राहिला. घातक रसायनांचे नियम आले १९८९ मध्ये. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक हवं, प्रत्येक पिंपावर लेबल हवं, मोठ्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी आपत्कालीन कवायत हवी, शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली हवी. कागदावर आपण कोणाला हार जाणार नाही. प्रत्यक्षात ७ मे २०२०च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीनची टाकी तापून वाफ बाहेर पडली, तेव्हा वस्तीला सावध करणारा भोंगा वाजलाच नाही. डोंबिवलीत २०१६च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२४च्या मे महिन्यात पुन्हा झाला. दोन्ही वेळा आपल्या खिडकीपलीकडे काय साठवलेलं होतं ते रहिवाशांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळलं.

कारखान्यात ज्याला अजून सगळे ‘एमएसडीएस’ म्हणतात, त्या माहितीपत्रकात सोळा विभाग असतात: घटक, प्रथमोपचार, आग, साठवण, वगैरे. पत्रक चांगलं असेल तर त्यासारखी उपयोगी चीज नाही. पण बहुतेक फाइल सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात असते आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे, म्हणजे ‘डिश’चे, निरीक्षक यायचे म्हटलं की बाहेर निघते. आठव्या विभागात हटकून एक वाक्य सापडतं, योग्य हातमोजे वापरावेत. योग्य म्हणजे कुठले? रबराचे, नायट्राइलचे की ब्यूटाइलचे? ही किरकोळ बाब नव्हे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १९९६च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब सांडले. मोजे लेटेक्सचे होते, त्या वेळच्या सल्ल्याप्रमाणेच. त्यातून ते द्रव्य काही सेकंदांत आरपार जातं, हे नंतरच्या चाचणीत कळलं. जून १९९७ मध्ये त्या वारल्या. विषारी धातूंवर संशोधन करणाऱ्या बाईंची ही कथा. आपल्याकडे हेल्परला मिळतात कापडी मोजे, तेही जोडीतला एक हरवलेला.

माझ्या मते खरी गळती होते ती रसायन मूळ पिंपातून बाहेर काढताना. दोनशे लिटरच्या ड्रमवर लेबल असतं, चित्रं असतात, निर्यातीचा माल असेल तर लाल कडांचे आंतरराष्ट्रीय धोकाचिन्हांचे चौकोनही असतात. त्यातून वीस लिटर काढून निळ्या कॅनमध्ये ओतलं, की सगळी माहिती ड्रमपाशीच राहते. दुसऱ्या पाळीचा माणूस कॅन उचलतो तो अंदाजाने. हे फक्त एमआयडीसीत घडतं असं नाही. मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात, सोसायटीत हाउसकीपिंगच्या बायका पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ॲसिड भरून नेतात. संडासात ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन निघतो. दार बंद, खिडकी बारकी. आणि बाटली तशीच कोपऱ्यात राहिली तर तहानलेल्या पोराच्या हाती लागते. या बायकांचं कंत्राट कामगारांच्या यादीत नाव असलंच, तर सुरक्षा प्रशिक्षणाच्या यादीत नसतं.

काही धोके तर लेबलात मावतच नाहीत. हायड्रोजन सल्फाइड कोणी विकत आणत नाही, तो सांडपाण्याच्या टाकीत, गटारात, मैल्याच्या हौदात आपोआप तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेतलं प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस खाली उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रातल्या अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकवर क्वचितच थांबतो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे. दोर, वायुमापक आणि वर उभा राहणारा माणूस, एवढ्यावर यातले बरेच मृत्यू टळतात. टाकीच्या झाकणापाशी एक पाटी आणि कुलूप, हे त्याहून स्वस्त.

लेबलावरच्या चित्रांची भाषा सार्वत्रिक असते, या विधानावर माझा फारसा विश्वास नाही. ज्वाळा कळते, कवटी कळते. पण छातीवर तारा फुटलेला माणूस? तो कर्करोग, दमा, गर्भावर परिणाम असे अनेकदा वर्षानुवर्षांनी उमटणारे धोके दाखवतो. विचारून बघा, ‘हार्टवाल्यांनी लांब राहावं’ असं काहीतरी उत्तर येईल. जो धोका दिसत नाही, हुंगता येत नाही, त्यालाच सगळ्यात कोड्यात टाकणारं चित्र मिळालं आहे.

पाट्या मराठीत असाव्यात हा आग्रह रास्त आहे. तारापूर किंवा महाडच्या रात्रपाळीत रिॲक्टरवर उभा असलेला पोरगा मात्र ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा असू शकतो, कंत्राटदाराने गेल्या आठवड्यात आणलेला. काही शहाणे सुपरवायझर पाळी सुरू होताना पाच मिनिटं काढतात. स्वतः सांगण्यापेक्षा त्यालाच बोलायला लावतात: या कॅनमध्ये काय आहे, अंगावर उडालं तर पाण्याचा शॉवर कुठे आहे, गळती झाली तर कुठल्या गेटने जाशील? तो ठरावीक गेटचं नाव घेतो. मग त्याला बाहेर नेऊन छपरावरची वाऱ्याची पिशवी दाखवायची आणि विचारायचं, आज वारा तिकडूनच येत असेल तर?