एआय एजंट्सची टीम, सगळ्या टेस्ट पास, तरी हिशोब चुकला!

रूमवर आम्ही तिघं राहतो. दूध, गॅस, वाय-फायचा खर्च वाटून घ्यायला मी एक छोटं ॲप करायला घेतलं आणि कोडिंगचं काम एआय एजंट्सवर सोपवलं. त्यात जे शिकलो ते सांगतो.

एजंट म्हणजे काय?

साधा चॅटबॉट उत्तर देऊन थांबतो. एजंट फाइल उघडतो, कोड लिहितो, चालवून बघतो आणि एरर आली तर स्वतःच दुरुस्त करायला घेतो. असे अनेक एजंट एकत्र आणून कामं वाटून देता येतात. 2023 मध्ये आलेल्या मेटाजीपीटी आणि चॅटडेव्ह या ओपन सोर्स प्रोजेक्ट्समध्ये हेच होतं: कोणी आखणी करतो, कोणी कोड लिहितो, कोणी तपासतो.

यात अजाईल कुठून आलं?

2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 जणांनी अजाईल मॅनिफेस्टो लिहिला. थोडक्यात सांगायचं तर, सगळं एकदम बनवू नका. छोटे तुकडे करा, चालणारं सॉफ्टवेअर लवकर दाखवा, बदलाला तयार राहा. एजंट्सना तर हे जास्तच लागू पडतं. मोठं काम एकदम दिलं की पहिल्या एजंटची चूक पुढचे सगळे खरी धरून चालतात.

माझं कुठे चुकलं?

100 रुपये तिघांत वाटायचे होते. कोडर एजंटने प्रत्येकी 33.33 काढले. मी तोच कोड टेस्टर एजंटला दिला आणि म्हटलं, याच्या टेस्ट लिही. त्याने कोड बघूनच 33.33 हे बरोबर उत्तर धरलं. सगळ्या टेस्ट पास! बेरीज मात्र 99.99. एक पैसा गेला कुठे? दोन एजंटचं एकमत झालं म्हणजे उत्तर बरोबर असतंच असं नाही.

मग काय करायचं?

- अट स्वतः लिहा. माझी अट: वाट्यांची बेरीज बिलाइतकीच आली पाहिजे.
- टेस्टरला कोड दाखवू नका, फक्त ही अट द्या. टेस्ट आधी, कोड नंतर.
- एका स्प्रिंटमध्ये एकच फीचर घ्या.
- शेवटी ॲप स्वतःच्या फोनवर चालवून बघा.

या वेळी जुना कोड टेस्टमध्ये लगेच फेल झाला. कोडरने तो बदलून 33.34, 33.33, 33.33 असे वाटे केले. जास्तीचा पैसा कोणाच्या नावावर टाकायचा, हे मात्र आम्ही तिघांनी चहा पिता पिता ठरवलं. ते काम एजंटचं नव्हतंच.