दुसऱ्याचे नाव, आपला माल

ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकाला कापड हाताळून बघता येत नाही; मालापुढे लिहिलेल्या नावावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून नाव खोटे असेल तर फसवणूक पुरी होते. उज्जैनच्या काळभैरव मंदिराच्या परिसरातले भैरूगढ बाटिक छपाईसाठी ओळखले जाते. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचे, शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवायचे. मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपतो आणि केसासारख्या रेषा उमटतात; त्या दोन कापडांवर सारख्या येत नाहीत. या छपाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसऱ्या गावच्या स्क्रीन प्रिंटला ‘उज्जैन बाटिक’ म्हणून विकणे बेकायदा आहे. कारागिराकडून रीतसर घेतलेला अस्सल माल मात्र कोणताही दुकानदार त्या नावाने पुढे विकू शकतो, मग अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची नोंद नसली तरी.

कंपन्यांच्या ब्रँडसाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. बाटिकच्या कापडाचे लॅपटॉप कव्हर कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपला बसते, हे सांगायला त्या कंपनीचे नाव लिहावेच लागते. कलम ३० तेवढी मुभा देते. पण नाव गरजेपुरतेच हवे आणि दोन मालांचा संबंध असल्याचा भास होता कामा नये. ही गरज न्यायालय किती बारकाईने पाहते, ते हॉकिन्सच्या खटल्यात दिसते. एका विक्रेत्याने आपल्या गॅस्केटच्या पाकिटावर ‘हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य’ असे छापले होते. त्याचा स्वतःचा ब्रँडही पाकिटावर होता. तरी हॉकिन्स हा शब्द वेगळ्या रंगात उठून दिसत होता, आणि गॅस्केट इतर कंपन्यांच्या कुकरलाही चालणारे होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये हॉकिन्सच्या बाजूने निकाल दिला. ही कसोटी रास्त आहे: माहिती साध्या अक्षरांतही देता येते, मोठे रंगीत अक्षर लागते ते नजर खेचायला.

नकली मालावर ‘फर्स्ट कॉपी’ असे उघड लिहिल्यानेही सुटका नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.