वऱ्हाडातील एक शास्त्रपीठ

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर लागते, आणि तेथून लोणार अगदी जवळ. ज्या लोणारातील चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या लीळा महानुभावांनी जिवापाड जपल्या, आणि ज्या पंथाच्या मठांतून केसोबासांनी लावलेला सूत्रपाठ पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत होत आला, त्या मुलखात एका ग्रंथाला आयुष्य वाहून त्याचे पाठभेद तपाशीत बसणारा मनुष्य कोणास विक्षिप्त वाटण्याचे कारण नाही. तथापि याच वऱ्हाडात, यवतमाळ मुक्कामी, बायबलच्या अध्ययनासाठी १९५३ साली एक शास्त्रपीठ उभे राहिले आणि तीस वर्षे तेथे नांदले, ही गोष्ट खुद्द वऱ्हाडी वाचकासही क्वचितच ठाऊक असते.

त्या संस्थेचे नाव युनियन बिब्लिकल सेमिनरी. अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मंडळीचे मिशनरी यवतमाळात आधीपासून स्थिरावलेले होते. १९५१ साली स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया या संघाच्या प्रेरणेने अनेक मिशनांनी एकत्र येऊन ही संयुक्त पाठशाळा काढली, आणि तिचे पहिले प्राचार्यपद फ्रँक क्लाइन यांच्याकडे आले. स्थापनेच्या वेळी यवतमाळ नागपूर राजधानीच्या मध्य प्रदेशात होते, १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे जागचे न हलता या संस्थेने सात वर्षांत तीन राज्यांचा अंमल पाहिला. दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्याने एक तर धामणगावला उतरून मोटार धरावी, नाही तर मुर्तिजापूरला मोठी गाडी सोडून, पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने प्रसिद्ध पावलेल्या अरुंद रुळांच्या गाडीत बसावे आणि कपाशीच्या शेतांमधून तिच्या मर्जीने यवतमाळ गाठावे.

‘संयुक्त’ हे विशेषण येथे शोभेसाठी नव्हते. तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या माणसाने स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच द्यावा, मस्तकावर पाणी शिंपडावे की संपूर्ण देह बुडवावा, मंडळीवर बिशपाची सत्ता असावी की मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, या प्रश्नांवरून युरोपात एके काळी माणसे तुरुंगात गेली आहेत; अशा भिन्न मतांच्या घराण्यांतील मुलांनी एका बाकावर बसून तोच ग्रंथ उघडावयाचा आणि एकाच खानावळीत जेवावयाचे, हा प्रयोग वाटतो त्याहून धीट होता.

आता प्रत्यक्ष अध्ययनाचे स्वरूप. प्रॉटेस्टंट परंपरेत बायबलची सहासष्ट पुस्तके: जुन्या करारातील एकोणचाळीस, नव्यातील सत्तावीस. पहिल्याची मुख्य भाषा हिब्रू, बावीस अक्षरांची आणि उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी, दुसऱ्याची ग्रीक. या भाषांची तोंडओळख झाली की विद्यार्थ्याचा खरा कस लागतो. मार्ककृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घ्या. रिकाम्या कबरेपाशी आलेल्या स्त्रिया भयभीत होऊन पळाल्या, येथे आठवी ओवी संपते. पुढील बारा ओव्या, ज्या त्या विद्यार्थ्याने लहानपणापासून आपल्या देवळात ऐकलेल्या असतात, त्या चौथ्या शतकातील व्हॅटिकन आणि सिनाई येथील ज्या दोन पुरातन हस्तलिखितांना पंडित अतिशय मान देतात त्यांत मुळी नाहीतच. मग मार्कने ग्रंथ भयाच्या त्या क्षणीच संपविला, की शेवटचे पान गहाळ झाले, की नंतरच्या कोणी भाविकाने उपसंहार जोडला? शास्त्रावर अचल श्रद्धा ठेवणाऱ्या घरातून आलेल्या मुलास हा प्रश्न प्रथम अंगावर आल्यासारखा वाटतो. परंतु मूळ पोथी हरवल्यावर लीळाचरित्र स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, हे ज्यास ठाऊक आहे अशा वऱ्हाडी माणसाने बिचकू नये. पोथीचा प्रवास ठाऊक झाल्याने पोथीवरील प्रेम कमी होत नाही, आणि ज्याचे कमी होते त्याने पाळक होण्यापूर्वीच ते कळलेले बरे.

या अभ्यासाअंती मिळणारी बी. डी. ही पदवी सेरामपूरची. त्या महाविद्यालयाची स्थापना १८१८ सालची, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्यास १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेने मिळाला, कारण हुगळीकाठचे ते गाव तेव्हा डेन लोकांच्या ताब्यात होते. तेथील विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. तेव्हा यवतमाळने सेरामपूरशी नाते जोडले, ही एका परीने जुनीच सोयरीक पुढे चालली.

तत्त्वज्ञान मात्र अशा पाठशाळांतून पुष्कळदा सावत्र लेकरासारखे वागविले जाते. कॅथलिक पंथात तसे नाही. तेथे भावी धर्मगुरूस ईश्वरविज्ञानाच्या चार वर्षांपूर्वी निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान शिकावेच लागते, आणि १८९३ पासून कँडीत असलेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली तेव्हा ही शिस्त महाराष्ट्राच्या अगदी दाराशी आली. प्रॉटेस्टंटांनी या बाबतीत आपल्याच नेहेम्या गोऱ्हे यांच्याकडे पाहावे. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिताना प्रतिपक्षाची दर्शने आधी मुळातून आत्मसात केली होती. त्यांची अनुमाने सर्वांस पटोत वा न पटोत, ज्याच्याशी वाद करावयाचा त्याचे घर आधी आतून पाहावे ही त्यांची सचोटी वादातीत आहे, आणि वारकरी व महानुभाव शेजाऱ्यांत राहणाऱ्या पाळकास तिची गरज प्लेटोपेक्षा अधिक.

राहता राहिले सेवाकार्य. वर्गात इंग्रजीत रचलेला उपदेश सहाध्यायांसमोर म्हणून दाखवावयाचा, त्यांची निर्दय टीका ऐकावयाची, हा एक भाग झाला. पण कापूस वेचून आलेल्या, दिवसभर उन्हात वाकलेल्या माणसांपुढे तोच विषय वऱ्हाडी बोलीत मांडावयाचा, ही परीक्षा कोणतीही सेनेट घेत नाही. यवतमाळचे मोल मला येथे वाटते. गाव इतके लहान, आणि खेडी इतकी निकट, की ग्रीक क्रियापदांतून डोके वर काढताच विद्यार्थ्यास मराठी मुलूख दिसे. १९८३ साली सेमिनरी पुण्यास, बिबवेवाडीत, हलली. देशभरच्या विद्यार्थ्यांस पुणे सोयीचे, ग्रंथालये व विद्वान तेथे हाताशी, हे कोण नाकारील? कारभाराच्या दृष्टीने निर्णय बिनतोडच म्हणावा लागेल. वऱ्हाडाचे मात्र नुकसान झाले, आणि त्याची कैफियत कोठे नोंदली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या मुलाने आज हा मार्ग धरला तर त्याने जालन्यावरून पुण्याची वाट धरावी हे ठीकच. पण परतताना त्याच्यापाशी काय असावे याचा नमुना पुण्यात शोधण्यापेक्षा अहमदनगरात शोधावा. तेथील अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षण पाठशाळेत नारायण वामन टिळकांसारखा कवी शिकवीत असे, आणि त्याच नगरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला नावारूपास आणले: पूर्वरंग, आख्यान, टाळ-मृदंग, सर्व सामग्री येथलीच आणि कथा येशूची. कीर्तन हा विषय परीक्षेच्या तक्त्यात बसविणे अवघड आहे, त्याचे गुण कोणी कसे द्यावेत हाही प्रश्न आहे. तरी हिब्रूच्या एका सत्रातून चार आठवडे काढून ते शिकविण्याची तजवीज एखाद्या प्राचार्याने करून पाहावी.