मदत करणाऱ्यांचा बर्नआउट
इतरांसाठी राबणारी माणसं आतून कशी रिकामी होतात, यावर हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये लेख लिहिला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक त्याने जवळून पाहिले होते. न उतरणारा थकवा, चिडचिड आणि ज्यांच्यासाठी धडपडायचं त्यांच्याबद्दलच आलेला कोरडेपणा, ही बर्नआउटची लक्षणं. सर्वांत जास्त जीव ओतणारेच आधी गळून पडतात.

ऑनलाइन जगात यात अनोळखी लोकांच्या टोमण्यांची भर पडते. ‘एक्सझेड’ हे फाइली लहान करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स यंत्रणांत वापरलं जातं, पण ते सांभाळत होता मुख्यतः एकच प्रोग्रामर, तोही बिनपगारी. २०२२ मध्ये काही जण त्याच्या मागे लागले: काम फार संथ चाललंय, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. तरी तगादा थांबला नाही. शेवटी मदतीला आलेल्या एकाला त्याने अधिकार दिले. त्या ‘मदतनीसा’ने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. तगादा लावणारी नावंही बहुधा बनावटच होती.

दोष त्या थकलेल्या माणसाचा नव्हता, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. त्याच्या कामावर विसंबलेल्या बड्या कंपन्यांपैकी कुणीतरी पगारी माणूस त्याच्या जोडीला द्यायला हवा होता.