महामार्गाच्या कडेला उरलेले एकच झुडूप

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या डॉयल ड्राइव्ह या मार्गाच्या पुनर्बांधणीसाठी २००९ मध्ये कडेची झाडी तोडण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटारीने तेथून जाताना डॅनियल ग्लूझनकॅम्प या वनस्पती-अभ्यासकाची नजर उघड्यावर आलेल्या एका झुडपावर गेली. ते ‘फ्रान्सिस्कन मँझनिटा’ निघाले. निसर्गातून ही वनस्पती सुमारे सहा दशकांपूर्वीच नाहीशी झाली, असे तोवर मानले जात होते.

‘मँझनिटा’ म्हणजे स्पॅनिश भाषेत छोटे सफरचंद. हे नाव फळांच्या आकारावरून पडले. जमिनीलगत पसरणाऱ्या या सदाहरित झुडपाला हिवाळ्याच्या अखेरीस पांढरी-गुलाबी फुले येतात, उलट्या टांगलेल्या इवल्या कुंभांसारखी. मोठ्या रानमाश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात, तेव्हा परागकोशाच्या छिद्रांतून पराग झडतो.

या झुडपाचे घर म्हणजे सर्पेंटाइन खडकावरची उथळ माती. तिच्यात कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम अधिक आणि निकेलसारखे जड धातूही असतात. बहुतेक वनस्पती तेथे तग धरत नाहीत; जी धरतात, त्यांना स्पर्धक कमी. साताऱ्याच्या कास पठारावर जांभ्या खडकावरील पातळ मातीत वैशिष्ट्यपूर्ण वनस्पती टिकून आहेत, त्यामागेही काहीसे असेच कारण आहे. मात्र अशी जमीन वरवर ओसाड दिसते, म्हणून तिच्यावर बांधकाम करताना कोणाला फारसे वाईट वाटत नाही. या वनस्पतीचा अखेरचा ज्ञात अधिवास असलेली लॉरेल हिल दफनभूमी १९४७ मध्ये सपाट करण्यात आली. तत्पूर्वी काही जाणकारांनी तेथील झुडपे उचलून वनस्पती उद्यानांत नेली होती.

मग उद्यानांत वंश शिल्लक असताना त्या एका झुडपासाठी एवढी धडपड कशाला? कारण उद्यानात रोप जगते ते माणसाच्या निगराणीवर. माती, बुरशी, कीटक आणि किनाऱ्यावरचे धुके यांच्याशी असलेले त्याचे नाते तेथे जसेच्या तसे राखता येत नाही. म्हणूनच जानेवारी २०१० मध्ये ते झुडूप मुळांभोवतीच्या मातीसह क्रेनने उचलून प्रेसिडिओ उद्यानातील अघोषित जागी हलवण्यात आले. मुळांना अन्नद्रव्ये पुरवणारी बुरशी त्या मातीतच होती. २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने या प्रजातीचा संकटग्रस्त यादीत समावेश केला.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. फांदीपासून केलेले रोप ही मूळ झुडपाचीच जनुकीय प्रत असते. वंश स्वबळावर टिकायचा, तर भिन्न वाणाची झुडपे जवळजवळ वाढली पाहिजेत, त्यांचे बी रुजले पाहिजे. आणि त्यासाठी मोकळी सर्पेंटाइन जमीन हवी.

प्रेसिडिओच्या किनारी पायवाटेवरून हा हिरवट-निळसर खडक आजही दिसतो. बे एरियातील वाचक तेथे फिरायला गेले, तर पायवाट न सोडणे एवढे त्यांच्या हाती नक्कीच आहे. उजाड भासणाऱ्या त्या उतारावर पायाखाली काय येईल, हे वरून कळत नाही.